एकदाच वाचता येणारे ओगराळे

'धातू कधीही खोटे बोलत नाही आणि काहीही विसरत नाही.'

राष्ट्रीय धातुस्मृती संशोधन केंद्राच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य हातभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत लावले होते. अक्षरे प्लास्टिकची होती. नाशिकच्या उन्हात ती दर एप्रिलमध्ये थोडी वाकत आणि दर जूनमध्ये केंद्राचा शिपाई शिडीवर चढून ती परत चिकटवत असे.

नंदकुमार आहेर यांनी टेम्पोतून उतरताना ते वाक्य वाचले. त्यांची नजर मात्र अक्षरांच्या कडांवर होती. आयटीआयमध्ये बत्तीस वर्षे वेल्डिंग शिकवलेला माणूस कोणत्याही गोष्टीचा आधी जोड बघतो.

"आत काय आहे?" फाटकावरच्या रखवालदाराने विचारले.

"आमच्या मिसेस."

रखवालदाराने टेम्पोत डोकावले. सोलापुरी चादरीखाली काहीतरी मोठे, टोकदार आडवे पडले होते.

"आडव्या का?"

"बसलेल्याच आहेत. टेम्पोचं छप्पर बुटकं आहे."

रखवालदाराने मान डोलावून फाटक उघडले. केंद्रात लोक काय काय घेऊन येत, याची त्याला सवय झाली होती. मागच्याच महिन्यात एका आमदारांनी त्यांच्या वडिलांची भूमिपूजनाची कुदळ वाचायला पाठवली होती. कुदळीत कसलाही जोर आढळला नाही. निष्कर्ष कळवायचा कसा, यावर केंद्रात दोन बैठका झाल्या होत्या.

चौघांनी मिळून मूर्ती प्रयोगशाळेत नेली आणि चादर काढली. धातुस्मृती विभागाच्या प्रमुख डॉक्टर ऋता सबनीस तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

भंगारातून बनवलेली बाई होती ती. पाटावर बसतात तशी बसलेली. मांडी म्हणजे शिलाई मशीनचे लोखंडी पायडल. पाठीचा कणा सायकलच्या चेनचा, पोट जुन्या वातीच्या स्टोव्हच्या टाकीचे, खांदे स्टीलच्या प्रेशर कुकरच्या झाकणांचे. वेणीला किल्ल्यांचे जुडगे गुंफले होते. चेहऱ्याच्या जागी पिठाची चाळण होती, नुसती, नाक-डोळ्यांशिवाय. डाव्या हातात काही नव्हते. उजवा हात म्हणजे कोपरापासून पुढे आमटी वाढायचे एक पितळी ओगराळे होते.

"चेहरा केला नाहीत?"

"जमला नाही," आहेर म्हणाले. "घोडे केले, कोंबडे केले, एकदा महापालिकेसाठी अख्खा गेंडा केला. ती म्हणायची, गेंड्याचं झालं, आता माझं एक करा की. मी म्हणायचो, होईल."

"मग?"

"मग झालं. ती गेल्यावर."

प्रमिलाबाईंना जाऊन दीड वर्ष झाले होते. मुलीने घर आवरायला काढले आणि आईच्या रोजच्या वापरातल्या वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर चढल्या, तेव्हा आहेरांनी सगळे परत घरात घेतले आणि मागच्या शेडमध्ये वेल्डिंगचा पडदा डोळ्यांवर ओढून ते तीन महिने बाहेर आले नाहीत. मूर्तीचे फोटो कुठेतरी छापून आले. मग केंद्राच्या संचालकांचा फोन आला. केंद्राच्या पोर्चमध्ये ठेवायला त्यांना 'धातूतून माणूस' अशा आशयाचे काहीतरी हवे होते. बदल्यात काय घ्याल, असे त्यांनी विचारले.

आहेरांनी मागितले ते एवढेच, की मूर्ती वाचा आणि मला तिचा हात एकदा धरू द्या.

"शेवटचे बारा-पंधरा दिवस दोन्ही हातांना सुया होत्या," ते आता डॉक्टर सबनीसांना म्हणाले. "नर्स म्हणाली, आजोबा, हाताला हात लावू नका. मी पाय दाबत बसलो. पायाचं काय, पाय कुणाचेही दाबता येतात."

डॉक्टर सबनीसांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना वाईट बातमी सांगायची होती आणि त्या ती नेहमी शास्त्राच्या बाजूने सांगायला सुरुवात करत.

"सर, ताणस्मृती म्हणजे काय, कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"संचालक म्हणाले, टेपरेकॉर्डरसारखं असतं."

"संचालकांना सगळं टेपरेकॉर्डरसारखं वाटतं. असं बघा. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या ओळीत मांडलेल्या असतात. धातूतले अणू तसेच. कुणी जोर लावला, की ओळ थोडी सरकते. जोर काढला तरी ती पूर्ण जागेवर येत नाही. अशी प्रत्येक ओढ, प्रत्येक पीळ, प्रत्येक ठोका आत सरकून राहतो. आपण धातू हळूहळू तापवला, की खुर्च्या परत ओळीत यायला लागतात. शेवटी सरकलेली खुर्ची आधी सुटते, मग तिच्या आधीची. सुटताना प्रत्येक खुर्ची किंचित उष्णता सोडते. आमचं यंत्र ती मोजतं. धातुस्मृतिवाचक म्हणतात तो हाच."

"म्हणजे उलट्या क्रमाने."

"उलट्या. आधी कालचं, मग परवाचं."

"आणि सगळ्या खुर्च्या ओळीत आल्या की?"

"कार्य संपलं. हॉल रिकामा. म्हणून वाचन एकदाच. आणि एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही. आच बंद केली तरी आतली उष्णता काम करत राहते."

आहेरांनी मूर्तीकडे पाहिले. वेल्डिंग शिकवणाऱ्या माणसाला यातला पुढचा भाग कुणी सांगावा लागत नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "वेल्डिंगच्या जोडापाशी लोखंड वितळतं. आजूबाजूला वीतभर लालभडक होतं."

"हो."

"म्हणजे मी जिथे जिथे तिला जोडलं..."

"हो, सर."

"आणि मी तर काटकसर केली नाही. मजबूत व्हावी म्हणून दुहेरी जोड मारलेत. हे पायडल, हे चारी बाजूंनी. ही झाकणं." त्यांनी कुकरच्या झाकणावर बोट ठेवले आणि लगेच काढून घेतले, जणू ते अजून गरम होते. "तीन महिने मला वाटत होतं मी तिला जोडतोय."

डॉक्टर सबनीस प्रामाणिक होत्या, त्यामुळे त्यांनी आणखी वाईट बातम्याही सांगून टाकल्या. स्टीलच्या ताटल्यांमध्ये कारखान्यातल्या दाबयंत्राचा जोर इतका खोल बसलेला असतो, की त्यावर माणसाचा हात सापडत नाही. तवा निरुपयोगी, कारण तवा रोज तापतो आणि रोज विसरतो. आईच्या आठवणीसाठी लोक सर्वांत आधी तवा घेऊन येतात आणि रडत परत जातात.

"ओगराळं?" आहेर म्हणाले.

"ते कशाने जोडलंय?"

"पितळ आहे. लोखंडाला वेल्डिंगने धरत नाही. नटबोल्ट."

डॉक्टर सबनीस उठून मूर्तीच्या उजव्या हातापाशी गेल्या. दांडा लांब, सपाट, मध्ये किंचित बाक आलेला. त्यांनी हातातल्या चकतीसारख्या उपकरणाने तो वरपासून खालपर्यंत चाचपला आणि पडद्याकडे पाहिले. मग परत चाचपला.

"हे विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "पितळी वस्तू ठोकून बनवतात. तळाशी तांबटाच्या हातोडीचे ठोके असायला हवेत. इथे ते नाहीत. पाटी कोरी होती आणि मग त्यावर एकाच प्रकारचा जोर, थरावर थर. कधीतरी हे दांड्यासकट लाल झालंय."

"कल्हई," आहेर म्हणाले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्यांना हसू आले. "आमचं नवीन लग्न झालं होतं. गल्लीत शेवटचा कल्हईवाला आला होता, त्यानंतर कुणी आलंच नाही. तो भाता मारता मारता शेजारच्या काकूंशी भांडत बसला आणि ओगराळं भट्टीत राहिलं. लालबुंद झालं. प्रमिलाने त्याला असा झाडला की तो नवसागर तिथेच टाकून पळाला. म्हणाली, माझ्या आईने दिलेलं ओगराळं जाळलंस."

"त्याने जाळलं म्हणून ते वाचता येणार आहे," डॉक्टर सबनीस म्हणाल्या. "त्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलं. नंतरचं सगळं तुमच्या मिसेसचं. आमटीच्या उष्णतेने काही बिघडत नाही. पण मला एक कळत नाही. आमटी वाढायला एवढा जोर लागत नाही. हे ठोके आहेत. कशावर तरी आपटल्याचे."

"खिडकीच्या गजावर."

"का?"

आहेर जरा अवघडले. "मी मागच्या शेडमध्ये असायचो. ग्राइंडर चालू. ती जेवायला बोलवायची. नाव तर घेणार नाही. नुसतं 'अहो' म्हणून ओरडली तर गल्लीतले तीन नवरे डोकवायचे. एकदा कुलकर्णी ताटावर येऊन बसायचे बाकी होते. मग तिने ही युक्ती काढली. ओगराळं घ्यायचं आणि गजावर हाणायचं. तो आवाज फक्त माझा."

"रोज?"

"दोन वेळा."

डॉक्टर सबनीसांनी ओगराळ्याकडे नव्याने पाहिले. केंद्र स्थापन झाल्यापासून इतकी शुद्ध नोंद त्यांच्याकडे आली नव्हती. एकच वस्तू, एकच हात, एकच काम, तीसपस्तीस वर्षे. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना आनंद झाला आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्या पान्याच्या शोधात कपाटाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचन ठरले.

प्रतिहस्त नावाचा भाग वाचकयंत्राच्या शेजारी टेबलावर होता. दिसायला तो क्रिकेटच्या ग्लोव्हसारखा होता, पण आत दाट द्रव होता. आहेरांच्या हाताभोवती तो जुळवायलाच पाऊण तास लागला. प्रत्येक बोटाला वेगळा पट्टा, मनगटाला दोन.

"हे नसतं तर?" आहेरांनी विचारले. "तुम्ही सगळं कॉम्प्युटरवर साठवून ठेवा, मी सावकाश बघेन."

"तीच तर अडचण आहे. खुर्ची किती सरकली ते कळतं, कोणत्या बाजूला ढकलली ते कळत नाही. ते कळायला समोरून कुणीतरी अडवून धरावं लागतं. तुमचा हात अडवतो, यंत्र त्याच्याशी जोर जुळवून बघतं आणि मग हात हातासारखा लागतो. कॉम्प्युटरकडे नुसता आलेख राहतो. टेकड्या आणि दऱ्या."

"म्हणजे मी नसलो तर ती नाही."

"असं आम्ही पेपरात लिहीत नाही," डॉक्टर सबनीस म्हणाल्या, "पण हो."

"किती वेळ चालेल?"

"एवढ्या छोट्या वस्तूला? पाच-सहा मिनिटं."

पस्तीस वर्षांना पाच-सहा मिनिटे. आहेरांनी मनातल्या मनात भागाकार करायला घेतला आणि सोडून दिला.

ओगराळे काचेच्या नळीत ठेवले गेले. आच सुरू झाली. आहेरांनी डोळे मिटले. त्यांनी सकाळी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि निघण्यापूर्वी शेडला कुलूप लावून ते ओढून पाहिले होते.

आधी काहीच नव्हते. मग एकाएकी हाताला एक धसमुसळा पीळ बसला, आडमुठा, पुन्हा पुन्हा.

"ही ती नाही," आहेर घाबरून म्हणाले.

"तुम्ही आहात. नट आवळताना. शेवटचं आधी येतं."

"मी असा आहे?"

"गप्प राहा, सर."

पीळ संपला. मग लांबलचक शांतता आली. ती आजारपणाची शांतता होती, हे आहेरांना सांगावे लागले नाही. त्या काळात मुलीने डबा लावला होता.

आणि मग त्यांच्या तळव्यात एक हात आला.

आवाज काहीच नव्हता. फक्त एक मूठ, दांड्यावर आवळलेली, अंगठा वरच्या बाजूला ताठ टेकवलेला. अंगठा वर ठेवायची तिची सवय ते विसरले होते. भाजी चिरतानाही ती सुरीवर असाच अंगठा टेकवायची. मनगट मागे गेले. क्षणभर थांबले, कारण ती नेहमी मारायच्या आधी खिडकीतून एकदा पाही, माणूस आपणहून निघालाय का ते. मग ते मनगट पुढे आले आणि गजावर आपटले.

त्या ठोक्याला आहेर वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आले होते. 'आलो!' असे ओरडायचे आणि अर्धा तास जायचे नाही. जोड अर्धवट असायचा, सळई संपत आलेली असायची, गेंड्याचा कान बाकी असायचा. मग दुसरा ठोका यायचा, मग तिसरा, मग रागाचे तीन-चार सलग. मग आमटी दुसऱ्यांदा गरम व्हायची. एकदा ती म्हणाली होती, आयुष्यात एकदा तरी पहिल्या ठोक्याला या हो, बघू कसे दिसता.

"आलो!" आहेर म्हणाले आणि उठले.

पट्टे तटातट सुटले. प्रतिहस्तातून हात बाहेर आला. डॉक्टर सबनीसांना आधी काही कळलेच नाही, कारण त्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी मागे पाहिले तेव्हा आहेर दारापर्यंत पोहोचले होते.

"सर! हात! हात आत घाला!"

आहेर बाहेर गेले. कॉरिडॉरच्या टोकाला त्यांना बेसिन दिसले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, साबण लावून दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, चूळ भरली. वेल्डिंगची काजळी जायला वेळ लागतो, म्हणून ते नखांपाशी नेहमीसारखे जास्त घासत होते. काजळी नव्हती. ते लक्षात आल्यावर त्यांनी नळ बंद केला. हात पँटला पुसत ते वळले आणि मग पळत सुटले.

ओगराळे नळीत लाल झाले होते. शेजारी टेबलावर रिकामा प्रतिहस्त आपोआप फुगत होता, आकसत होता, पुन्हा फुगत होता. त्याला कुणी अडवत नव्हते, त्यामुळे तो नुसता हलत होता. आहेरांनी त्यात हात घुसवायचा प्रयत्न केला. बोटे नीट बसेनात. अंगठ्याचा पट्टा करंगळीला अडकला. डॉक्टर सबनीस दोन्ही हातांनी पट्टे ओढत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या, जे शास्त्रीय नव्हते.

मग प्रतिहस्त थांबला.

डॉक्टर सबनीसांनी हातातला पट्टा सोडला. आहेरांचा हात अर्धा आत होता.

"कुठे निघाला होतात?" डॉक्टर सबनीसांनी अखेर विचारले.

"जेवायला."

डॉक्टर सबनीस पडद्याकडे वळल्या. त्यांनी तो आहेरांच्या बाजूला फिरवला. त्यावर टेकड्या होत्या. डावीकडे उंच, दाट, एकीला एक लागून. उजवीकडे जाताना त्या ठेंगण्या होत गेल्या होत्या, त्यांच्यातले अंतर वाढत गेले होते.

"डावीकडे शेवटची वर्षं," त्या म्हणाल्या. "एकेका जेवणाला पाच-पाच, सात-सात ठोके. हा बघा, हा जवळजवळ दांडा मोडणारा."

"तो गेंड्याच्या वेळचा असेल."

"पुढे कमी होत जातात. चार. तीन. मग दोन. आणि अगदी शेवटी, म्हणजे कल्हईनंतर लगेचच्या दिवसांत, एकच. तोही हलका." त्यांनी शेवटच्या टेकडीवर बोट ठेवले. टेकडी कसली, नुसता उंचवटा. "तेव्हा तुम्ही एका ठोक्यात येत होतात, सर."

आहेर पडद्याजवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी तो उंचवटा पाहिला.

"तेव्हा शेड नव्हती," ते म्हणाले. "एक खोली होती. मी समोरच पाटावर बसलेला असायचो. हे ओगराळं पातेल्याच्या काठावर झटकल्याचं आहे. शेवटचा थेंब आमटीत पडावा म्हणून. मग ती माझ्या ताटात वाढायची."

"दिशा कळत नाही, त्यामुळे मला नक्की सांगता येणार नाही."

"मला सांगता येतं."

त्यांनी त्या उंचवट्यावर तळहात ठेवला. पडदा काचेचा होता आणि किंचित कोमट होता, सगळे पडदे असतात तसा. डॉक्टर सबनीस खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या हातून आजवर बरीच वाचने झाली होती आणि लोक हात आखडून घेतात, ओरडतात, कधी यंत्राला शिव्या देतात, हे सगळे त्यांनी पाहिले होते. बोलावल्यावर उठून गेलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"एक मात्र झालं," आहेर म्हणाले. "पहिल्या ठोक्याला उठलो."

"हो."

"तिने बघायला पाहिजे होतं."

"मी पाहिलं," डॉक्टर सबनीस म्हणाल्या.

आहेरांनी मान हलवली. हे साक्ष म्हणून ठीक होते, पण तिच्या जागी चालण्यासारखे नव्हते, आणि हे दोघांनाही कळत होते.

ओगराळे थंड झाल्यावर आहेरांनी ते चिमट्यातून घेतले. दांडा आता इतका मऊ झाला होता, की नुसत्या बोटाने वाकत होता. त्यांनी तो वाकवला नाही. दोन्ही तळहातांवर आडवा धरून ते उभे राहिले, कुणीतरी येऊन घेईल अशा बेताने.

"परत बसवायचं ना हाताला?" डॉक्टर सबनीसांनी विचारले. "संचालक पोर्चसाठी विचारत होते."

"बसवू," आहेर म्हणाले. "तुम्ही आवळा नट. मी नको."

नट आवळून झाला. डॉक्टर सबनीसांनी पाना खाली ठेवला आणि त्यांच्या एकदम लक्षात आले, की या माणसाने आल्यापासून काही खाल्लेले नाही, आणि निघाला होता तो जेवायलाच.

"चला, सर," त्या म्हणाल्या. "मीही जेवले नाहीये."

"आलो," आहेर म्हणाले आणि लगेच त्यांच्या मागे निघाले.

केंद्राचे कॅन्टीन तळमजल्यावर होते. जेवण दोनला बंद होत असे. चार वाजता तिथे फक्त चहा आणि खारी मिळत होती.